प्रश्न क्रमांक चार

प्रकल्पाचा विषय फळ्यावर तीन दिवस होता,
चौथ्या दिवशी पुसला गेला,
म्हणून सुरुवात करावीच लागली.
बाई म्हणाल्या, आधी प्रश्न लिहा, उत्तरं नंतर.
मी बावीस लिहिले, समासाला तांबडी रेघ मारली.
झेरॉक्सवाल्यानं पन्नास प्रतींचे पंचेचाळीस घेतले,
पाच माफ. "अभ्यासाचं आहे ना."

तासगावात, मार्केट यार्डामागं, पत्र्याच्या शेडात
बेदाण्याचा गोड वास, त्यात गंधकाचा.
शमशाद मुलाणी म्हणाल्या, बस,
पण चाळणीला पाय लावू नको.
नाव झालं.
वय : "लिही चाळीस. पुढच्या वर्षी आलीस तरी चाळीसच."
शिक्षण : चौथी, तीही निम्मी.

प्रश्न चार. व्यवसाय?
"कसला व्यवसाय? घरीच असते की मी."
हे सांगताना त्यांची बोटं
हिरवा इकडं, काळा तिकडं,
काडी खाली,
डोळे माझ्यावर, आणि एकही दाणा चुकला नाही.

माझ्या कागदावर चौकोन दोनच : नोकरी, गृहिणी.
पेन्सिल वर धरून किती वेळ बसले कोण जाणे.
शेजारची हौसाबाई हसली,
"लिही की गं, परीक्षा तुझी हाय का आमची?"

पहिला फॉर्म तिथंच अडला.
रात्री मी प्रश्न खोडले नाहीत,
फक्त चौथ्यापुढं जागा सोडली, चांगली चार बोटं,
आणि आईला विचारलं, तू दिवसभर काय करतेस?
ती पिठाच्या हातानं वळली,
"का गं? काय झालं?"