कच्चा खर्डा

शाळेच्या लेटरहेडवर लिहायचंय,
म्हणून आधी रफ वहीत लिहून बघतोय.
विषय : बेसबॉल संघातील खेळाडू आणि पालक यांच्याकडून अपेक्षा.
संदर्भ : मागल्या शनिवारी ताडकळसच्या मॅचमध्ये
सुदाम लोखंडेच्या वडिलांनी
अंपायरला दाखवलेली चप्पल.

खेळाडूनं सकाळी सहाला मैदानावर यावं.
सहा म्हणजे सहा.
पूर्ण्याच्या स्टेशनात गाडी लेट होते, आपण नाही.

ग्लोव्ह नऊ, पोरं बावीस.
ज्याच्या हातात ग्लोव्ह नाही
त्यानं उघड्या पंजानं चेंडू अडवून मर्दानगी दाखवू नये.
अन्वर पिंजारीचं बोट अजून सुजलेलं आहे.
त्याच्या अब्बांनी तक्रार केली नाही,
गादीच्या कापडात वाळू भरून
तिन्ही बेस शिवून पाठवले,
टाके असे की ट्रॅक्टर गेला तरी उसवणार नाहीत.

आपलं मैदान काळ्या मातीचं.
मार्चमध्ये भेगा पडतात, त्यात बोट जातं.
घरंगळत आलेला चेंडू भेगेला लागून
भलतीकडंच उडाला
तर ती पोराची चूक धरायची नाही.

पालकांनी चुन्याच्या रेषेबाहेर बसावं.
‘आमच्या लेकराला कामून बसविलं?’
हे सोमवारी, शाळेत, चहा घेत विचारावं.
तिसऱ्या डावात तारेवर चढून नव्हे.
चेंडू लांब गेला म्हणून लगेच नाचू नये,
तो फाउल असू शकतो.
भरतीला सर्टिफिकेट चालतं का, दहावीला मार्क किती,
हे ऑफिसात पाटी लावलेल्या माणसाला विचारावं.
मी फेकायला शिकवतो.

सोजरबाई खिल्लारे यांना वरचं काही लागू नाही.
त्या कापसाच्या जिनिंगमधून थेट येतात,
केसांत पांढरे तंतू घेऊन.
कुणीही पळालं की टाळ्या वाजवतात,
आपला का समोरचा, बघत नाहीत.
त्यांना खेळ कुणी समजावून सांगू नये.

आता शेवटचा मुद्दा.
हरल्यावर, परतीच्या वाटेत,
पालकांनी पोराशी मॅचबद्दल बोलू नये.

लिहिलं, आणि खोडलं.

नववीत होतो. औरंगाबादला
शेवटचा चेंडू माझ्या हातून सुटला.
वडील रेल्वेत गँगमन, पास होता, सोबत आले होते.
पॅसेंजर.
जालना. परतूर. सेलू. मानवत रोड.
बोलले नाहीत.
परभणीला केळीवाला खिडकीशी आला,
त्यांनी अर्धा डझन घेतली,
सुट्टे मोजले, पिशवीची गाठ मारली,
पिशवी मांडीवर.
पिंगळी. मिरखेल.
मी केळ्यांकडं बघत होतो
आणि ते रुळांकडं, कुठं काही सैल झालंय का म्हणून.
सकाळी आईनं ती दिली तेव्हा काळी पडली होती.

तेव्हा गप्प राहा असं लिहून भागत नाही.
गप्प राहण्यातही फरक असतो,
तो लेटरहेडवर कसा लिहायचा?

रात्री उशिरा लिहिलं :
परतीच्या वाटेत पोराला आधी काहीतरी खायला द्यावं.
सोलून द्यावं.

सकाळी नागनाथच्या दुकानात टाइपाला दिलं.
तो स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाला,
‘सर, हे सोलायचं कुठल्या नियमात टाकू?
चप्पलच्या खाली घेऊ का?’
घे, म्हटलं.
‘किती झेरॉक्स?’
बावीस.
पैसे देऊन पायरीपर्यंत आलो,
परत वळलो.
तेवीस कर.
आणि एकावरची अक्षरं जरा मोठी घे,
मोतीबिंदू आहे.