अकरा मिलिग्रॅम

चाळीस किलो साल आली फियानारान्त्सुआहून
टॅक्सीच्या टपावर, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून.
सोबत रात्सिम्बा आजोबा, अनवाणी;
पोत्याचं तोंड त्यांनीच सुतळीने शिवलेलं.
म्हणाले, पूर्वेकडचीच काढली आहे,
तीही झाडाला विचारून.
मी वहीत लिहिलं : नमुना ११७.

मग दळणं. मेथनॉलमध्ये आठवडाभर भिजवणं.
गाळ, आटव, पुन्हा गाळ.
आन्तानानारिवोत वीज जायची
तेव्हा फिरता चंबू थांबायचा,
आणि मी बर्फाच्या डब्यावर
माझाच कोट पांघरून बसायचे.

सिलिकाच्या उभ्या नळीतून रंग उतरले,
एका घरातून बाजाराला निघालेल्या भावांसारखे :
पिवळा घाईत, हिरवा रेंगाळत,
तपकिरी तर वरच बसला, रुसून.
अठ्ठावीस कुप्या.
सत्तावीस कुप्यांत हिवतापाचे जंतू मजेत वाढले.
नववीची काच पाहिली :
लाल पेशी नुसत्या, आत कोणी नाही.
तीनदा पाहिली.
चौथ्यांदा पाहायला लालाओला झोपेतून उठवलं.

दोन वर्षांनी, तळाशी, पांढरी भुकटी.
अकरा मिलिग्रॅम.
एक शिंक, की सगळं झाड गेलं असतं.

रेयुनियनहून आलेख आला.
शिखरं मोजली, जुन्या यादीशी ताडली.
पहिलं जुळलं. दुसरं जुळलं.
मग मी मनात म्हणू लागले, आता तरी चुक, चुक.
सगळी जुळली.
कोणीतरी, कुठल्याशा दुसऱ्या बेटावर,
भलत्याच वेलीतून, माझ्या जन्माआधी
हा रेणू काढून ठेवला होता;
नाव ठेवून, फाइल मिटून.

त्या रात्री मी भांडी घासली.
स्वच्छ होती तीही घासली.

सांगायला स्वतःच गेले. रस्ता दिवसभराचा.
आजोबांनी करपल्या भाताचं पाणी पुढे केलं.
म्हटलं, तुमच्या सालीत जे आहे ना,
ते समुद्रापलीकडच्या एका वेलीतही आहे.
आधीच सापडलेलं.
ते बराच वेळ पेल्यात पाहत राहिले.
मग पुढचे दोनच दात दाखवत हसले :
"म्हणजे हिला तिकडे सोयरे आहेत!
निरोप गेला का त्यांना?"

परतताना मांडीवर एक लहान पोतं,
तोंड शिवलेलं.
वहीत मी ११८ लिहिलं.
पुढच्या रकान्यात नाव लिहायचं,
तिथे पेन अडलं.
नाव त्यांनी कानात सांगितलं होतं.