सत्तेचाळीस

शाळेत बाई म्हणाल्या, लिही सत्तेचाळीस.
मी ऐकू आलं तसं लिहिलं:
आधी सात, मग चाळिसातला चार.
बाईंनी चौऱ्याहत्तरावर लाल रेघ ओढली.
घणसोलीच्या त्या वर्गात कोणी सांगितलं नाही
की बोलणं एका टोकानं सुरू होतं, लिहिणं दुसऱ्या.

आता रबाळ्याला, तिसऱ्या मजल्यावर
हेच करते. पगार मिळतो.
तारेवरून येताना थोरला बाइट पुढे असतो,
आमच्या चिपमध्ये धाकटा आधी आत शिरतो.
उलटायचं राहिलं
तर एक म्हणून निघालेला आकडा
एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर जातो
आणि कर्नल बिचारा तेवढी जागा शोधत बसतो.

मढवी सरांनी हे उलटणं हातानं लिहिलं होतं.
चोवीस घरं डावीकडे, आठ घरं डावीकडे,
आठ उजवीकडे, चोवीस उजवीकडे,
मधे गाळण्या, शेवटी सगळं एकत्र.
बारा चौतीस छप्पन्न अठ्ठ्याहत्तर,
अठ्ठ्याहत्तर छप्पन्न चौतीस बारा.
जोडी आतून फोडायची नाही, एवढंच पथ्य.
वर टीप: हात लावण्याआधी मला विचारा. नि. म.

नि. म. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली.
मी विचारलं नाही.
नऊ ओळी पुसल्या, कंपायलरचं तयार नाव घातलं,
खाली उतरून पाहिलं तर एकच सूचना,
एका ठोक्यात चौघे जागा बदलून उभे.
चहा आणला. रसायनाचा वास आला म्हणून खिडकी लावली.

मग जुन्या बोर्डाची पाळी आली.
त्याच्या चिपला ती सूचनाच ठाऊक नाही.
कंपायलरनं अंग काढून घेतलं,
हाक मारली एका फंक्शनला
जे त्याच्या स्वतःच्या गाठोड्यात असतं,
आणि कर्नल बाहेरचं गाठोडं
उंबऱ्याच्या आत घेत नाही.
रात्री पावणेदहाला लिंकर विचारतो,
हे कोण? या नावाचं इथे कोणी राहत नाही.

नोंदींतून नऊ ओळी परत काढल्या.
त्या परक्या नावाखाली ठेवल्या, जशाच्या तशा,
टीपेसकट.
बोर्ड उठला. एक म्हणालं की एक ऐकू लागला.

रात्रपाळीच्या इंदुलकरांनी
गेटवरच्या जुन्या वहीतून सरांचा नंबर वाचला,
सावकाश, जोड्या जोड्यांनी.
शेवटी म्हणाले, सत्तेचाळीस.

माझं बोट आधी सातावर गेलं.