वाजेन म्हणाला होता

शाणू गावडे तक्रार लिहीत नाहीत, सांगतात.
"बुधवारी तुझं अ‍ॅप वाजलं नाही."
कुठलं व्हर्जन, स्क्रीनवर काय दिसलं,
मी विचारत गेले. ते म्हणाले,
"मला काय ठाऊक? मी तर बांधावर होतो."
हे वाक्य मी नीट ऐकलं नाही.
तक्रारीतलं नेमकं तेच वाक्य
माझ्याकडून नेहमी निसटतं.

शुक्रवारी पर्वरीहून निघाले.
लॅपटॉप, दोन केबली, आणि टेस्टिंगचा फोन,
ज्यावर सगळं कायम बरोबरच चालतं.

दुर्भाट. खाजन, बांध, बांधात मानस.
तिच्या फळ्या लाकडाच्या.
भरती चढली की पाण्याच्याच रेट्यानं मिटतात,
ओहोटीला आपसूक उघडतात.
कुणी कळवावं लागत नाही.
मी केबल पिशवीतच ठेवली थोडा वेळ.

पाणी उलटायच्या आत जाळं तोंडाला बांधायचं,
नाहीतर सुंगटं गेली जुवारीत,
आणि लिलावाचे पैसे तर संघाकडे कधीच भरलेले.
एवढ्यासाठी अ‍ॅप. दुसरं काही करत नाही ते.
कोष्टक वाचायचं, वेळेवर वाजायचं.

आधी वाटलं, तारखेचा घोळ:
बुधवारची ओहोटी रात्री साडेबाराची,
मीच ती मंगळवारात ढकलली असणार.
नव्हती ढकलली.
मग बॅटरी वाचवणारी सेटिंग,
आमच्या धंद्यातला सराईत संशयित,
कुठेही चोरी झाली की आधी त्याला उचलायचं.
तीही बंद केली.
लॉगमध्ये स्वच्छ नोंद: अलार्म लावला, दोन वाजून दहा.
दोन वाजून दहाला बेडूक वाजले फक्त.

शनिवार असाच गेला.
एक ओळ खोडायची, चालवायचं, परत लिहायची.
माझ्या फोनवर वाजायचं. त्यांच्या फोनवरही वाजायचं,
दिवसा, मी समोर बसलेली असताना.

रात्री प्रेमावतीबाईंनी पानं मांडली.
शाणूंनी हात धुतले, फोन बंद केला,
देवाशेजारच्या फळीवर पालथा ठेवला.
"पानावर बसलेल्या माणसाला हाक मारू नये कुणी."
हुमण, भात, वर मिरमिरीत लोणचं.
हात पुसून त्यांनी फोन सुरू केला,
आणि तो उठताना ते चार सूर वाजले.
माझं बोट ताकाच्या वाटीत तसंच राहिलं.

बंद होऊन उठलेला फोन लावलेले अलार्म विसरतो.
त्याला पुन्हा सांगावं लागतं.
हे मला माहीत होतं. एका मुलाखतीत
हेच उत्तर देऊन नोकरी मिळवली होती.
पण आमच्या ऑफिसात फोन बंद करतो कोण?
आम्ही जेवतो तो डाव्या हातात धरून.

उंबऱ्यावर बसून अकरा ओळी लिहिल्या:
उठलास की आधी कोष्टक उघड,
काल काय कबूल केलं होतंस ते बघ,
ते लाव, मग बाकीचं.
बंद केला, सुरू केला. बंद, सुरू.
प्रेमावतीबाई म्हणाल्या, खेळणं आहे का ते?

तीन वाजता वाजला.
असा वाजला की शेजारचा कुत्राही उठला.
मी अनवाणी बांधाकडे पळाले सांगायला,
तर शाणू तिथेच, कमरेभर काळोखात,
बॅटरी दातांत धरून जाळ्याची गाठ मारत होते.

"तुम्ही जागे?"
बॅटरी काढली. "फळ्या कुरकुरतात ना.
बापाच्या वेळेपासून ऐकतोय."
"मग अ‍ॅप कशाला हवं?"
त्यांनी गाठ ओढून पाहिली, पुन्हा एकदा ओढली.
"वाजेन म्हणाला होता.
म्हटलं म्हणजे वाजायला नको?"

पाणी फळ्यांखालून निघालं होतं.
मी काहीतरी बोलणार होते,
तेवढ्यात घरातून प्रेमावतीबाईंची हाक:
"अगो, हें बंद कशें करप?"

खरंच, थांबवायचं बटण मी ठेवलंच नव्हतं.