दोनदा झाडलेलं पाणी

मी फक्त खोकी आणून देते.
कोपनहेगनच्या लष्करी दप्तरखान्यात
चौदा वर्षं, मंगळवार ते शुक्रवार,
सात नंबरच्या टेबलाशी तो बसायचा :
कमांडर एस्बेर्न टोफ्टगोर, निवृत्त.
कोट खुंटीला, आणि पेन्सिलीला असं टोक
की जणू अजून नकाशावर अंतर मोजायचंय.

नौदलात त्याचं काम समुद्र झाडण्याचं.
हसू नका, आमच्याकडे असंच म्हणतात.
युद्ध संपून तीस वर्षं झाली तरी
पाणसुरुंग तळाशी पडून होते,
शेवाळ पांघरून, कान टवकारून,
आणि त्याची लाकडी अंगाची बोट
मागे तारेची शेपटी ओढत
जायची, यायची, जायची, यायची,
पाहुणे यायच्या आधी केरसुणी फिरवावी तशी.

लेखक तो पन्नाशीत झाला.
पहिलं पुस्तक जाडजूड. मित्रांनी विकत घेतलं.
दुसऱ्याला एका प्राध्यापकाने झोडपलं,
'खलाशाचं गद्य' म्हणाला.
कमांडरला ते इतकं आवडलं
की कात्रण पाकिटात ठेवलं, बायकोच्या फोटोमागे.
तिसऱ्यात त्याने एका मेलेल्या कप्तानाची लबाडी पकडली :
लॉगबुकात 'दाट धुकं',
आणि त्याच रात्री दीपगृहाच्या रखवालदाराच्या वहीत
'आभाळ निरभ्र. चंद्र. बायकोचा खोकला कमी.'
ती वही दोन्ही हातांत धरून तो माझ्यापाशी आला,
मूल शिंपला दाखवायला येतं तसा.
'बघ,' म्हणाला, 'शाई खोटं बोलते तेव्हा
अक्षर जरा जास्तच सुवाच्य येतं.'

चौथं पुस्तक त्याच्याच ताफ्याचं.
प्रकाशकाची आगाऊ रक्कम आली होती,
मुखपृष्ठ ठरलं होतं : करडा समुद्र, करडी बोट.
फेब्रुवारीत त्याने चिठ्ठी भरली, मी खोकं आणलं.
पानं उलटत गेला,
आणि मग उलटेना.

दुपारी तीनपर्यंत तेच पान.
खिडकी लावायच्या निमित्ताने मी मागे जाऊन पाहिलं :
बावीस डिसेंबर. पट्टा क्रमांक नऊ. दोनदा झाडला.
खाली सही, ए. टोफ्टगोर, लेफ्टनंट.

'एकदाच,' तो म्हणाला.
मला की पानाला, कोण जाणे.
'पोरं थंडीने निळी पडली होती.
आचाऱ्याला बंदराचे दिवे दिसत होते. नाताळ तोंडावर.
एकदा झाडला, आणि मी दोन लिहिले.'

दप्तरखान्यात विचारायचं नसतं. मी विचारलं नाही.
तोच बोलला :
एप्रिलमध्ये स्ट्रानहुसे गावचे दोन भाऊ,
आनर्स आणि व्हिगो लिंडेलोव,
मासे धरायला गेले. जाळ्यात काय आलं
ते सांगायला जाळं उरलं नाही.
चौकशी समितीने हेच पान उघडलं,
'दोनदा' वाचलं, मान हलवली,
आणि सुरुंग कुठून तरी वाहत आला असावा असं ठरवलं.
पाणी कुठे मुरतंय ते कुणी पाहिलंच नाही.
ते पन्नास वर्षं इथे, माझ्या फडताळात मुरत होतं.

त्याने पेन्सिल उचलली. 'दुरुस्त करू?'
'नाही,' मी म्हटलं. 'मूळ कागदावर खूण करायची नाही.'
'बरोबर,' तो म्हणाला, आणि पेन्सिल खिशात ठेवली,
टोक खाली करून.

आगाऊ रक्कम त्याने परत केली.
पुस्तक शेवटी एका छोट्या छापखान्यातून आलं,
बारीक, करड्या समुद्राशिवाय,
आणि पहिल्या पानावर फक्त ती एक ओळ,
तारखेसकट, सहीसकट.
गावाकडून त्याला पत्रं आली. काय होती ते मला माहीत नाही.
तो त्यानंतर इथे आला नाही.

परवा एक बाई आल्या, हातात काठी,
चिठ्ठीवर नाव मारेन लिंडेलोव, आणि तोच खोका-क्रमांक.
सात नंबर रिकामं होतं.
मी पान काढून दिलं.
चष्मा पुसून त्यांनी त्या शब्दाखाली बोट धरलं,
कागदाला न लावता, केसभर वर,
आणि खूप वेळाने म्हणाल्या,
'अक्षर किती सुंदर आहे.'