उजवा पायचा

अठ्ठावीस वर्षं विमा कचेरीच्या खुर्चीत बसलेल्या
कमरेचं माप मला स्वतःलाच माहीत नव्हतं.
लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात पोरीनं टेप लावला,
आकडा मोठ्यानं म्हणाली नाही.
तेवढ्यावर ती मला आवडली.

"कशासाठी हवीय जीन्स, काकू? ट्रिपला?"
सायकलसाठी, म्हटलं. शर्यत नाही, घाट नाही,
ते चकचकीत घट्ट कपडे तर नाहीतच.
सहकारनगरातून निघायचं, सारसबागेला वळसा,
वाचनालयात पुस्तक बदलायचं, मंडईतून अळू घ्यायचं,
आणि येताना चढ लागला
की कुणी बघत नाही ना, एवढं पाहून उतरायचं.

तिनं सहा काढल्या.
पहिली उभं असताना झकास,
पण माणूस सायकलवर उभा नसतो.
दुसरी गुडघ्यात अशी अडली
जशी आमच्या सोसायटीची सभा पार्किंगवर अडते.
तिसरीची कंबर वाकल्याबरोबर मागून खाली.
टिळक रस्त्याला अशी पाठ दाखवायची
माझी तयारी नव्हती.
चौथीला खिसे नव्हते, खिशांची नुसती शिवण होती.
बायकांनी किल्ली कुठं ठेवायची हे ज्यानं ठरवलं
त्याला मी एकदा भेटणार आहे.

पाचवी चढवून ट्रायल रूममध्ये उकिडवी बसले, उठले, बसले.
बाहेरून दीक्षा: "काकू, बऱ्या आहात ना?"
पॅडल मारतेय, म्हटलं.
क्षणभर काहीच नाही. मग पडद्याखालून
एक प्लॅस्टिकचं स्टूल आत सरकलं.
"यावर टांग टाकून बसा.
मी पण येते ना, जनता वसाहतीतून, दादाच्या सायकलवर.
म्हणून सांगते, मांडीत सैल घ्या,
कमरेला मागून उंच,
आणि मधली शिवण बोटांनी चाचपा.
दिसते एवढीशी. दुसऱ्या किलोमीटरला कळते."

चाचपली. चार शिवणी येऊन मिळत होत्या
अलका चौकासारख्या,
आणि एकीलाही सिग्नल मान्य नव्हता.

तरी तीच घेतली. गडद निळी, जराशी ताणणारी.
घेऊन गंज पेठेत दस्तगीर मास्तरांकडे गेले.
त्यांनी ती उलटी केली,
कपाळावरचा चष्मा नाकावर आणला
आणि डॉक्टर म्हणतात तसं "हं" म्हणाले.
"कळी टाकू इथं. सुरवारीला टाकतो तशी.
शिवणी बाजूला जातील, बसायची जागा मोकळी."
मग सुई ओवता ओवता,
"सायकल कोण चालवतं?"
मी, म्हटलं.
त्यांनी मान हलवली, म्हणजे नवल नाही, नोंद.
ऐंशी रुपये सांगितले. मी शंभर दिले,
वीस परत घेतले.

कळी.
हा शब्द मी आजवर मोगऱ्याला वापरला,
आणि आमच्या साहेबांची कधी खुलली तर त्यांना.
तो असा, बसायच्या जागी, भेटेल
असं वाटलं नव्हतं.

आता सकाळी पावणेसातला निघते.
उजवा पायचा दोन घड्या वर,
डावा तसाच. चेन एकाच बाजूला असते,
हे अग्निहोत्री वहिनींना पटत नाही.
"एक दुमडायचा राहिला हो," त्या गॅलरीतून सांगतात,
रोज, तितक्याच काळजीनं.

पर्वतीच्या पायथ्याशी उतार लागतो.
मी पॅडल थांबवते.
मागचं चाक एकटंच टिकटिकत राहतं.
गुडघा काही बोलत नाही, कंबर बोलत नाही,
आणि दांडेकर पूल येईपर्यंत
मी काय घातलंय हे मला आठवत नाही.

घरी आल्यावर घडी उलगडली
की फरशीवर पडतं काय काय:
बारीक खडी, एक चुरमुरा,
कडुनिंबाचं पिवळं पान.
काल बसचं तिकीट पडलं, कुणाचं तरी,
कात्रज ते स्वारगेट.