आसा

पोकुआच्या परसात, खुराड्यामागे
ते झुडूप उभं असतं. छातीएवढं, मुकं.
फळ लाल, कॉफीच्या बीएवढं,
नखभर गर, बाकी सगळी बीच.
नुसतं खाल्लं तर म्हणाल, हे काय फळ आहे?
जिभेवर घोळवायचं, बी थुंकायची
आणि जरा थांबायचं.

गावात त्याला आसा म्हणतात.
आंबवलेल्या मक्याच्या शिळ्या केंकेआधी एक,
तिसऱ्या दिवशीच्या ताडीआधी एक.
तिचा नवरा दोन खायचा
आणि ताडी आजचीच आहे म्हणून
झाडाची शपथ घ्यायचा.
तो गेल्यावर कोकोचे सात हंगाम झाले.

डुफिए कुमासीहून आली, भाड्याच्या मोटरसायकलवर,
प्लास्टिकच्या पिशवीत एक फाइल.
आईने काही विचारलं नाही.
चार आसा तोडले,
दोन लेकीच्या तळहातावर ठेवले,
मग लिंबं चिरली.

सालीसकट चोखली दोघींनी.
डुफिए हसली, लहानपणी हसायची तशी, नाकातून,
रस कोपरापर्यंत ओघळला.
केंके मधात बुडवल्यासारखं.
अफ्राकोमाने कुंपणावरून दिलेला
हिरवा, दात आंबवणारा अननस,
तोही गोड.
अर्धा तास त्या घरात
आंबट म्हणून काही उरलं नाही.

त्या अर्ध्या तासात
फाइल दोनदा उघडली, दोनदा मिटली.

"आई, सोनं काढणारी माणसं आहेत.
बाबांच्या कोकोच्या तुकड्याला भाव चांगला देताहेत.
इथे अंगठा दिलास की झालं."
किती सहज निघालं तोंडातून.
तिचं तिलाच नवल वाटलं.

पोकुआ उठली.
चुलीवर पामच्या फळांचं सूप रटरटत होतं.
दोन वाडगी भरली, काठोकाठ.
आसा कशाला भीत नाही, फक्त वाफेला भितो,
हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

"पी. फुंकू नकोस."

डुफिएच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं असेल.
वाडगी रिकामी झाली तेव्हा
आईने उरलेलं लिंबू पुढे केलं,
अर्धं तिला, अर्धं स्वतःला.
दोघींचे चेहरे एकदमच वेडेवाकडे झाले.
तेवढ्यात कोंबडी फाइलवरून चालत गेली.

"आता," पोकुआ म्हणाली, बोटं लुगड्याला पुसत,
"परत सांग.
किती खोल खणणार आहेत ते?"